चार फुटांखालची माती

आमच्या ह्यांचा रिपोर्ट आला त्या दिवशी 'बॉर्डरलाइन' हा शब्द घरात शिरला. साखर बॉर्डरलाइन, कोलेस्टेरॉल बॉर्डरलाइन, रक्तदाबसुद्धा बॉर्डरलाइन. शाळेपासून पहिल्या तिनात येणाऱ्या माणसाला काठावर पास होणं फार लागलं. डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी लिहून दिली, चाला म्हणाले, जेवण कमी करा म्हणाले, वेळेवर झोपा म्हणाले. ह्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये जाहीर केलं, "गोळ्या म्हणजे लक्षणं दाबणं. मुळावर घाव घातला पाहिजे."

लिफ्टमध्ये बाराव्या मजल्यावरचे गृहस्थ होते. ते म्हणाले, "करेक्ट. होलिस्टिक अप्रोच पाहिजे."

पुण्याच्या खराडीत नवे विचार असेच लिफ्टमधून येतात. काही वर्षांपूर्वी आमच्या डी विंगमध्ये दोन पंथ होते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकून दिवसातून दोनदाच, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत जेवणारे एकीकडे. ऋजुता दिवेकरांचं ऐकून दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकणारे दुसरीकडे. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घ्यायचा की नाही यावरून मंडपात तट पडले होते. आमचे हे त्या काळात घरी दीक्षित आणि ऑफिसात दिवेकर असत. त्यामुळे होलिस्टिक म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. होलिस्टिक म्हणजे सर्वांगीण, आणि आमच्या घरात सर्वांगीण काही करायचं ठरलं की ते माझ्या अंगावर येतं.

घरापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणजे गाडीने पंचवीस, एक निसर्गोपचार केंद्र होतं. आम्ही अर्थातच गाडीने गेलो. आत प्लास्टिकचा बांबू होता, भिंतीतून धबधब्याचा आवाज येत होता आणि खिडकीबाहेर पाण्याचा टँकर पीं पीं करत मागे येत होता. तपासायला एक तरुण मुलगी होती, बीएनवायएस झालेली. हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो हे मला तिथेच कळलं; तोवर मी समजत होते की निसर्गोपचार हा निवृत्तीनंतर आपोआप येतो. मुलगी हुशार होती. शरीर पंचमहाभूतांचं, उपचारही त्यांचेच, असं तिने समजावलं. मातीची पट्टी ही पृथ्वी, कटिस्नान हे आप, ऊन म्हणजे तेज, मोकळ्यावर श्वासाचे व्यायाम म्हणजे वायू. "आणि आकाश?" ह्यांनी विचारलं. "उपवास," ती म्हणाली. ह्यांचा चेहरा तिथे जरा पडला. शेवटी तिने स्पष्ट सांगितलं, "सर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही." हे वाक्य मी ऐकलं. ह्यांनी ऐकलं नाही.

मग बाहेरच्या काउंटरवर एकवीस दिवसांच्या पॅकेजचा आकडा कळला आणि ह्यांचा रक्तदाब तिथल्या तिथे बॉर्डर ओलांडून गेला. गाडीत बसताना म्हणाले, "यात काय आहे? माती, पाणी आणि ऊन. घरीच करू."

'करू' या क्रियापदाचा कर्ता कोण हे कुठल्या व्याकरणात सांगितलेलं नाही, पण लग्न झालेल्या बाईला ते समजतं.

पहिला प्रश्न मातीचा आला. पट्टीची माती वरवरची चालत नाही. जमिनीखाली तीन-चार फुटांवरची लागते, खत-औषध न लागलेली. ती उन्हात वाळवायची, चाळायची, रात्रभर भिजवायची, सकाळी सुती कापडात लोण्यासारखी थापून रिकाम्या पोटावर अर्धा तास ठेवायची. मला वाटलं, खराडीत काय, पावलोपावली खणलेलंच आहे. बाहेर पडल्यावर लक्षात आलं की इथे चार फूट कोणी खणतच नाही. खणतात ते एकदम चाळीस फूट, पार्किंगच्या तीन मजल्यांसाठी, आणि निघतो तो मुरूम नि काळा पाषाण. एका साइटवर पत्र्याच्या फटीतून वॉचमनला विचारलं, "दादा, थोडी माती मिळेल का?" त्याने मुकादमाला बोलावलं. मुकादम म्हणाला, "किती ब्रास?" मी म्हटलं, दोन किलो. त्याने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं लग्नानंतर कोणी पाहिलेलं नाही. "मॅडम, एक ब्रासच्या खाली सुटत नाही. डंपर खाली करायला जागा आहे का?"

नर्सरीत गेले तर तिथे मातीला पॉटिंग मिक्स म्हणतात आणि तिच्यात माती सोडून सगळं असतं. चिरंजीव म्हणाला, "आई, चिल," आणि मोबाईलवरून दहा मिनिटांत मुलतानी माती मागवली. ती गुलाबाच्या वासाची निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे ऑफिसला निघाले तेव्हा एखाद्या लग्नातल्या करवलीसारखे दरवळत होते.

शेवटी गावठाणातल्या एका काकांना विचारलं. खराडी १९९७ साली महापालिकेत आली, त्याआधी काका ज्वारी काढायचे. आता त्यांच्या तीन इमारतींत आयटीतली पोरं भाड्याने राहतात. मातीचं नाव काढल्यावर ते खुर्चीत सरळ बसले. "माती? अहो ताई, माती काय होती! काळीभोर. मुठीत दाबली की बोटांचे ठसे उठायचे. तुमची डी विंग आहे ना, तिच्या लिफ्टपाशी आमची विहीर होती."

"मग ती माती गेली कुठं?"

"इमारतीचा पाया खणला तवा डंपर भरभरून नेली. वाघोलीच्या पुढं कुठल्या तरी खाणीत ओतली म्हणतात." थोडं थांबून म्हणाले, "तिचे पैसे बी बिल्डरनंच घेतले. त्ये मातुर आमच्या ध्यानातच आलं नाही." नदीकाठी त्यांचे दोन गुंठे अजून आहेत, हवी तर तिथून न्या म्हणाले. पण मुळा-मुठेच्या त्या पाण्याकडे आणि त्यावरच्या जलपर्णीच्या हिरव्या गालिच्याकडे पाहून माझा धीर झाला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत याच पट्ट्यात, केशवनगर-खराडीच्या बाजूला, नदीवर डासांचे उंच भोवरे उठले होते आणि त्यांचे व्हिडिओ देशभर फिरले होते, ते तुम्हीही पाहिले असतील. निसर्ग आमच्याकडे नाही असं नाही. आहे तो अंगावर येतो.

माती अखेर बार्शीहून आली. सासूबाईंनी गावी दिरांना फोन केला आणि तिसऱ्या दिवशी खासगी बसच्या डिकीतून एक पोतं हडपसरला उतरलं. माती अप्रतिम होती. फक्त ती कुठून खणली हे दिरांनी नंतर सांगितलं: बांधावरून. ज्या बांधावरून आमच्या घराण्यात तीस वर्षं दावा चालू आहे, त्याच बांधावरून. संध्याकाळी चुलत दिरांचा फोन आला की आमच्या हद्दीतली माती पुण्याला कोणी नेली. तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला आमचे हे सतरंजीवर उताणे पडत आणि मी त्यांच्या पोटावर न्यायप्रविष्ट जमीन थापत असे.

याच सुमारास ह्यांनी गांधीजींची आत्मकथा वाचायला घेतली. तीत माती-पाण्याच्या उपचारांवर एक अख्खं प्रकरण आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना बापूंना बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी होती. मँचेस्टरमध्ये कोणी 'न्याहारी न करणाऱ्यांचं मंडळ' काढल्याचं त्यांच्या वाचनात आलं. आपण भरपूर आणि अनेकदा खातो, मनातल्या मनात त्यांनी हिशेब केला, आणि सकाळचं खाणं सोडलं. डोकं थांबलं, पोट हटेना. मग लाइपझिगच्या लुई कूनेची कटिस्नानं झाली, आणि शेवटी जुस्ट नावाच्या दुसऱ्या जर्मनाच्या पुस्तकातून मातीची पट्टी सापडली. मला या हकिकतीची गंमत वाटली. माती आपली, पाणी आपलं, पोट तर आपलंच. ती एकमेकांना लावायची कशी हे शिकायला जर्मनीचं पुस्तक लागलं. ह्यांना मात्र तीत फक्त न्याहारी सोडणारे मँचेस्टरवाले दिसले. "बघ, इंटरमिटंट फास्टिंग. तेव्हासुद्धा!" असं म्हणून त्यांनी पोहे नाकारले आणि साडेदहाला ऑफिसच्या कँटीनमध्ये सामोसा खाल्ला. मला कसं कळलं? पैसे जॉइंट खात्यातून जातात.

कटिस्नानासाठी खास आकाराचा टब मिळतो. कमरेखालचा भाग गार पाण्यात, पाय बाहेर, पाठ टेकलेली आणि हाताने ओटीपोट चोळायचं. "एवढ्यासाठी टब कशाला?" म्हणून ह्यांनी माळ्यावरून चिरंजीवाचा बाळपणीचा निळा टब काढला. त्याच्या कडेला अजून बदकाचं चित्र आहे. त्यात हे बसले. बसले ते ठीक. वीस मिनिटांनी उठायला गेले तर टबही बरोबर उठला. मी आणि चिरंजीव दोन बाजूंनी ओढत होतो आणि सासूबाई दारात उभ्या राहून विचारत होत्या, "अरे, पण झालंय काय त्याला?" टबला चीर गेली तेव्हा सुटका झाली. बदक वाचलं.

सासूबाईंचं या सगळ्याबद्दलचं मत वेगळं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी शांतपणे ताट पाहिलं: अळणी उकडलेल्या भाज्या, मोड आलेली मटकी, एक पपईची फोड. तेल नाही, मीठ नाही, रात्रीचं जेवण नाही. वर सकाळी सोसायटीच्या हिरवळीवर अनवाणी चालणं. मग म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात आमचं हेच होतं की. मिलो खायची, सुकडी खायची, अनवाणी खडी फोडायला जायचं. यायचं ते आठलाच झोपायचं. साखर कुणाला झाली नाही बाई." आणि लगेच पुढे, "पण परत नको."

त्यांच्या या एका वाक्यात निसर्गोपचाराचा निम्मा सिद्धांत येतो, असं माझं मत झालं आहे. जे त्यांच्याकडे नाइलाज होता, ते आमच्याकडे वेळापत्रक आहे. त्यांना काही करावं लागत नव्हतं म्हणून ते फुकट होतं. आम्हाला तेच घडवून आणायला आधी पोतं मागवावं लागतं.

रसाचं प्रकरण मात्र मी थट्टेवारी नेलं नाही. ह्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहून रोज सकाळी दुधीचा रस सुरू केला. एके दिवशी चंदननगरच्या बाजारातून आणलेला दुधी कडू लागला. "औषध कडूच असतं," म्हणून हे घोट घेणार, तेवढ्यात मी पेला हिसकावून सिंकमध्ये ओतला. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावलेली आहेत. त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिने सांगितलं की रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या. जे विष असतं ते दुधीने स्वतःच्या बचावासाठी बनवलेलं असतं, निसर्गाचंच असतं. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं निसर्गाने कुठे लिहून दिलेलं नाही. आमच्या कोकणातल्या आत्याबाईंना हे विचारा. त्यांच्या परड्यात फुरशी निघतात, तीसुद्धा शंभर टक्के ऑरगॅनिक.

त्याच रात्री मला गोळ्यांची पट्टी सापडली. पंधरापैकी अकरा गोळ्या जागच्या जागी होत्या. हे म्हणाले, "बापूंनी आयुष्यभर औषध टाळलं."

मी म्हटलं, "आत्मकथा बाजूला ठेवा. १२ जानेवारी १९२४ ला काय झालं ते सांगा."

हे गप्प. मी सांगितलं. बापू येरवड्याच्या तुरुंगात होते, म्हणजे आपल्या इथून नगर रस्त्याने सरळ गेलं की लागतं तिथे. पोटात कळा आल्या, अपेंडिक्स निघालं. ससून रुग्णालयात हलवलं. कर्नल मॅडॉक नावाच्या इंग्रज सर्जनने रात्री शस्त्रक्रिया केली, मधेच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी झाली. "माती, पाणी, कूने, जुस्ट सगळे पाठ असलेला माणूस सरकारी दवाखान्यात टेबलावर झोपला. आणि म्हणून पुढे चोवीस वर्षं आपल्याला मिळाला. तुमचं ते बॉर्डरलाइन त्याहून मोठं आहे का?"

हे काही बोलले नाहीत. पाणी आणलं आणि माझ्यासमोर गोळी घेतली. बापूंचा मुद्दा बापूंनीच खोडला की वाद फार चालत नाही.

मग मीच म्हटलं, करायचं तर नीट करा, उरुळीला जा. उरुळी कांचन आमच्यापासून लांब नाही. वाघोली-केसनंदवरून थेऊरला निघालं की सोलापूर रस्ता येतो. तिथल्या आश्रमाची गोष्ट मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत आवडलेली आहे. पुण्यात ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं, बापू तिथे येऊन राहत. १८ नोव्हेंबर १९४५ ला ते निसर्गोपचाराच्या ट्रस्टचे अध्यक्ष झाले. तोच दिवस आता निसर्गोपचार दिन म्हणून पाळतात आणि त्या बंगल्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. पण थोड्याच दिवसांत बापूंना वाटलं की गरिबासाठी हे करायचं तर शहरात दुकान थाटून उपयोग नाही, खेड्यात गेलं पाहिजे. मार्च १९४६ मध्ये ते उरुळीत जाऊन बसले. जेमतेम आठवडाभर रोगी तपासले आणि कॅबिनेट मिशनशी बोलायला दिल्लीला गेले. मागे राहिले ते मणिभाई देसाई, गुजरातेतून आलेला पंचविशीतला तरुण. त्यांनी आयुष्य तिथे काढलं. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबाही तिथे राहिले. आश्रमाच्या गाईंवर काम करता करता मणिभाईंनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था काढली, १९८२ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. एका माणसाला आठवडाभरासाठी बोलवावं आणि दुसऱ्याने सत्तेचाळीस वर्षं राहावं, असं हे पॅकेज.

शहरातून खेड्यात नेलेला उपचार पुन्हा शहरात आणून त्याला काउंटर लावायचा, हे आपण नंतर केलं.

ह्यांनी दहा दिवसांची रजा टाकली आणि गेले. पहिल्या दिवशी फोनवर आवाज केविलवाणा होता. तिसऱ्या दिवशी त्यांना सदाफुली आणि साळुंकी दिसू लागली. सहाव्या दिवशी म्हणाले, रात्री साडेनऊला झोप येते गं, विचित्र वाटतं. इकडे माझं काय झालं ते सांगते. सकाळी माती भिजवणं नाही, मटकीला मोड काढणं नाही, रसाचं भांडं घासणं नाही, रात्री बाराला तोंडावर लॅपटॉपचा उजेड नाही. सासूबाई आणि मी दोनदा बाहेर मिसळ खाल्ली. माझी अर्धशिशी, जिच्यावर मी कॉलेजपासून सगळे उपाय करून बसले आहे, त्या दहा दिवसांत एकदाही उठली नाही. निसर्गोपचाराचा गुण मला असा आला.

हे परतले ते चार किलो उतरून. चेहऱ्यावर तेज, बोलण्यात मवाळपणा, हातात कोहळा. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर आकडे काठावरून अलीकडे सरकले होते. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? ह्यांनी मातीपासून सुरुवात केली. कूने झाला, जुस्ट झाला, पंचमहाभूतं झाली. बाहेर पेशंट खोळंबले होते. डॉक्टर ऐकत होते आणि लिहीत होते. निघताना मी फाइलमध्ये डोकावले. एवढ्या भाषणाचं त्यांनी लिहिलं होतं: 'चालतात. रात्री जेवत नाहीत. वेळेवर झोपतात. गोळी चालू ठेवणे.'

सध्या हे रोज पाच किलोमीटर चालतात, ईऑन आयटी पार्कच्या गेटपर्यंत आणि परत. गाडीने लागतो त्याहून कमी वेळ लागतो. कटिस्नान बंद आहे, टब फुटल्यामुळे. मातीची पट्टी फक्त रविवारी असते आणि ती ह्यांची हे थापतात. सतरंजी धुणं अजून माझ्याकडे आहे, पण वाटाघाटी चालू आहेत. गोळी रोज सकाळी घेतात.

बार्शीची थोडी माती मी बाल्कनीतल्या कढीपत्त्याला घातली होती. सहा वर्षं त्याला सात पानं होती. आता तो कठड्याच्या वर गेला आहे आणि तेराव्या मजल्यावरच्या बाई वाकून पानं तोडतात. पोत्यात अजून दहाएक किलो शिल्लक आहे. कोणाला पट्टीसाठी हवी असेल त्यांनी डी विंगला येऊन घेऊन जावी, पैसे नकोत. पिशवी आपली आणावी. माती वादातली आहे, एवढं आधीच सांगून ठेवते.